कच्च्या मातीची देवी

इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या आमच्या अपार्टमेंटच्या क्लब हाऊसमध्ये एका शनिवारी ‘आतल्या देवीला जागं करा’ अशी कार्यशाळा भरली होती. फी भरून आम्ही दहाबाराजणी जमलो होतो. योगा मॅट, मंद दिवे, लॅव्हेंडरचा वास, सगळं होतं. अपार्टमेंटच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मात्र सकाळपासून एकच रडगाणं चाललं होतं: हुस्कूरच्या जत्रेमुळे रस्ता तुंबलाय, सामान येत नाही, हाउसकीपिंगच्या निम्म्या बायका रजेवर आहेत. जत्रा मद्दूरम्माची, म्हणजे देवीचीच. आम्ही डोळे मिटून आत देवी शोधतोय आणि बाहेरच्या देवीवर वैतागलेले निरोप फोनवर टिणटिणतायत, असा तो देखावा. मार्गदर्शक बाईंनी हसून फोन सायलेंटवर टाकायला सांगितले. मीही टाकला.

सोमवारी आमच्या मजल्यावर झाडलोट करणाऱ्या बाई कामावर आल्या. पदराच्या गाठीतून खोबऱ्याचा तुकडा आणि कुंकवाची पुडी काढून माझ्या हातावर ठेवत त्यांनी कन्नडमध्ये विचारलं, “अक्का, तुम्ही आला नाहीत? इथून एवढंसं तर आहे.” तेव्हा या गावात राहून मला बारा वर्षं झाली होती. मद्दूरम्मा कोण, ते मला माहीत नव्हतं.

या पुस्तकाची सुरुवात त्या प्रश्नापासून आहे. पुढची प्रकरणं त्याचं उत्तर म्हणून वाचली तरी चालतील, फक्त उत्तराला उशीर फार झाला.

आधी या जागेविषयी. 1970च्या दशकाच्या अखेरीस ‘केऑनिक्स’ या कर्नाटक सरकारच्या महामंडळाने होसूर रस्त्यालगत 332 एकर जमिनीवर इलेक्ट्रॉनिक सिटी वसवायला घेतली. महामंडळाचे प्रमुख आर. के. बाळिगा यांचं ते स्वप्न. जमीन कोणप्पना अग्रहार आणि दोड्डतोगूरु या खेड्यांची होती. पुण्यात 1981 साली जन्मलेल्या इन्फोसिसचं मुख्यालय पुढे इथेच आलं, आणि तिच्या मागोमाग आमच्यासारखी मराठी माणसंही. 2010 साली उड्डाणमार्ग झाला, 2025च्या ऑगस्टमध्ये मेट्रोची पिवळी मार्गिका सुरू झाली. या मार्गिकेवर इलेक्ट्रॉनिक सिटी, मग कोणप्पना अग्रहार आणि मग ‘हुस्कूर रोड’ अशी स्टेशनं लागतात. काचेच्या इमारतींच्या मध्ये अडकलेली जुनी गावं स्टेशनांच्या नावांत तरी उरली आहेत. गावं होती तिथे गावदेवी असणारच, हे कळायला खरं तर कुठल्या अभ्यासाची गरज नव्हती. कोकणात, घाटावर, आमच्या आजोळी गावात शिरताना आधी देवीला हात जोडायचे आणि मग घर, हा क्रम मी लहानपणापासून पाळलेला. बेंगळुरूत येताना तो कुठे गळून पडला, आठवत नाही. परक्या गावालाही गावदेवी असते हे बहुधा मनातच आलं नाही. आपली देवी आपण कुरिअरने मागवतो तशी, फ्रेममधून, बरोबर आणली होती ना.

हुस्कूरची जत्रा ज्यांनी पाहिली नाही त्यांना ती सांगणं अवघड आहे. आसपासच्या गावांतून प्रत्येकी एक असे उंचच उंच रथ निघतात. ‘कुर्जू’ म्हणतात त्यांना. लाकूड-बांबूचा सांगाडा, रंगीत कापडांनी मढवलेला, मजल्यावर मजले चढवत शंभर फुटांच्याही वर गेलेला. बैलजोड्या आणि हल्ली ट्रॅक्टर लावून तो कोरड्या शेतांतून ओढत देवळापर्यंत आणायचा. वाटेत विजेच्या तारा उतरवाव्या लागतात. चारी बाजूंना दोर धरलेली माणसं डावी-उजवीकडे ताण देत त्याला उभं राखतात. एप्रिल 2024मध्ये असा एक रथ कोसळला. मार्च 2025मध्ये वादळवाऱ्यात पुन्हा कोसळले आणि माणसं दगावली. क्लब हाऊसमध्ये आम्हाला सांगितलेली देवी कोमल होती. ती ‘वाहते’, ‘स्वीकारते’, ‘जखमा भरून काढते’. हुस्कूरच्या देवीच्या दारात माणूस भीतीने उभा असतो, दोर हातातून निसटू नये म्हणून तळहात सोलवटून घेतो. भक्तीच्या नावाखाली सुरक्षेत ढिलाई खपवून घ्यावी असं मी अजिबात म्हणत नाही. ते मृत्यू टाळता आले असते. पण स्त्रीतत्त्व म्हणजे मऊपणा, हे समीकरण हुस्कूरच्या धुळीत एका दुपारीत पुसलं जातं, एवढं खरं.

‘दिव्य स्त्रीतत्त्व’ हा जोडशब्द मला जीभ अडखळल्याशिवाय उच्चारता येत नाही. या विषयावरच्या इंग्रजी पुस्तकांविषयी मी वाईट बोलणार नाही, त्यातली बरीच मी रात्री जागून वाचली आहेत. पण मराठीत हा शब्द आणला की तो नव्या कापडासारखा कडक राहतो. आपल्याकडे तुळजापुरात ‘आई राजा उदो उदो’ असा गजर होतो. आई आणि राजा, एका दमात. आळंदीच्या ज्ञानेश्वरांना आपण माउली म्हणतो, आणि वारीत तर समोर येईल त्या मिशाळ गड्यालाही माउलीच म्हणतात. पंढरीचा विठोबा विठाई होतो. पुरुषाला आई म्हणताना मराठी माणसाला यत्किंचितही संकोच वाटत नाही. पुरुषदेवाच्या पोटात आई शोधण्याची ही सवय इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यात काही विशेष आहे हे आपल्या ध्यानातही येत नाही. माझ्या टीममधल्या एका तमिळ सहकाऱ्याला हे सांगितलं तेव्हा तो कितीतरी वेळ विचारात पडला आणि मग त्याने विचारलं, “मग बायकांना काय म्हणता?” त्यांनाही माउलीच, मी म्हटलं. वारीपुरतं हे खरं आहे. घरी परतल्यावर काय म्हणतो ते मी त्याला सांगितलं नाही.

मग मी शोधत सुटले. सुट्टीच्या दिवशी देवळं आणि रात्री रा. चिं. ढेरे. त्यांचं ‘लज्जागौरी’ मी कॉलेजात असताना चाळून ठेवून दिलं होतं. इथे, चौदाव्या मजल्यावर, ते पुन्हा उघडलं तेव्हा वाटलं की हे माझ्या खिडकीखालच्या रस्त्याबद्दलच चाललंय. वारूळ म्हणजे भूमीची योनी, भूमी म्हणजे देवी, रेणुका-यल्लम्मा-सांतेरी ही तिची नावं. गोव्यात सांतेरीच्या कितीतरी गाभाऱ्यांत मूर्तीच्या जागी वारूळच असतं. आमच्या ऑफिसच्या मागे, टेक पार्कची भिंत जिथे मुद्दाम वळवलेली आहे तिथे, पिंपळाचा कट्टा आहे. कट्ट्यावर नागशिळा, आणि शेजारी हळद-कुंकू वाहिलेलं वारूळ. भिंत का वळवली हे मी दहा वर्षांत कुणाला विचारलं नव्हतं.

ढेऱ्यांनी एक दार उघडलं, दुसरं करगाने. बेंगळुरूचा करग हा द्रौपदीचा उत्सव. मराठी वाचकाची द्रौपदी बहुधा इरावती कर्व्यांच्या ‘युगान्त’मधली असते, माणूस असलेली, थकलेली, अखेरच्या वाटेवर पडलेली. या शहरात ती देवी आहे. तिगळर हा इथला जुना माळी समाज. तळ्यांच्या पाण्यावर भाजीपाला आणि फुलं पिकवणारा. त्यांचा विश्वास असा की स्वर्गाला निघालेल्या द्रौपदीने दरवर्षी काही दिवस परत येण्याचं वचन दिलं होतं. चैत्र पौर्णिमेच्या रात्री तिगळरपेठेच्या धर्मराय देवळातून तिला डोक्यावर घेऊन निघतो तो पुरुष असतो. पण त्या रात्री तो स्त्रीवेषात असतो. हातांत बांगड्या, गळ्यात मंगळसूत्र. डोक्यावर मोगऱ्याने मढलेला करग, आणि त्याला हात लावायचा नाही. भोवती उघड्या तलवारी घेतलेले वीरकुमार. वाटेत हजरत तवक्कल मस्तान यांच्या दर्ग्याशी तो थांबतो. आम्ही पहाटे तीनला नगर्तपेठेच्या एका बंद दुकानाच्या पायरीवर उभ्या होतो. तो आला तेव्हा आधी वास आला, मोगऱ्याचा, आणि मग गर्दी अशी फाटली की मी शेजारच्या अनोळखी बाईच्या अंगावर गेले. तिने मला धरलं आणि धरूनच ठेवलं. पावलं मला दिसलीच नाहीत. पांढरा उंच शंकू तेवढा डोक्यांवरून सरकत गेला.

पण माझ्या मनात घर करून राहिली ती त्याआधीची एक गोष्ट. पौर्णिमेच्या दोन दिवस आधी ‘हसी करग’ असतो. कन्नडमध्ये हसी म्हणजे ओलं, कच्चं. संपंगी तळ्याच्या मातीचं, न भाजलेलं मडकं हे त्या करगाचं रूप. ते तळं आता उरलेलं नाही, त्या जागी कंठीरव स्टेडियम आहे. बाजूला एक लहानसं कुंड ठेवलं आहे, तेवढ्यावर विधी भागतो. तळं बुजवून स्टेडियम बांधणाऱ्या शहराला त्यातली मूठभर माती दरवर्षी लागते.

न भाजलेली माती म्हटल्यावर मला इनामगाव आठवलं. पुणे जिल्ह्यात घोडनदीकाठी डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी 1968पासून पुढे बरीच वर्षं उत्खनन केलं. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या शेतकरी वस्तीत एका घराच्या जमिनीखाली मातीची पेटी सापडली. पेटीत स्त्रीची मूर्ती, आणि पेटीवर डोकं नसलेली दुसरी स्त्रीमूर्ती व एक बैल. मातीच्या आणि कच्च्या. टिकवायच्या नव्हत्याच त्या. काम झालं की मातीत परत जायच्या. आपण घटाखाली शेताची माती पसरून त्यात धान्य पेरतो आणि दसऱ्याला ते उपटून कानात-टोपीत खोवतो, गौरी म्हणून नदीवरचे खडे वाटीत आणतो आणि विसर्जनाला परत नेऊन टाकतो. तेही असंच. देवी घडवायची, तिच्याशी बोलायचं, मोडायची. पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून. मी ज्या धंद्यात आहे तिथे एकदा झालेलं काम पुन्हा करावं लागणं हा दोष मानला जातो, म्हणूनही कदाचित मला याचं एवढं अप्रूप वाटलं असेल.

इथे वाचकांपैकी कुणीतरी म्हणेल, म्हणजे पूर्वी मातृसत्ता होती, देवीची पूजा होती, बायकांचं राज्य होतं, मग पुरुषांनी ते बळकावलं. मारिया गिंबुटास या पुरातत्त्वज्ञ बाईंनी युरोपबद्दल साधारण असंच मांडलं, आणि देवीच्या शोधात निघालेल्या जगभरच्या बायकांना ती गोष्ट फार आवडली. मलाही आवडली होती. पण इनामगावचीच दुसरी गोष्ट ऐका. त्याच वस्तीतल्या पाच खोल्यांच्या मोठ्या घराच्या अंगणात, चार पायांच्या रांजणात मांडी घालून बसवल्यासारखं पुरलेलं एक माणूस सापडलं. वस्तीचा प्रमुख असावा, असं अभ्यासक मानतात. तो पुरुष होता. जमिनीखाली देवी आणि मोठ्या घरात पुरुष, ही व्यवस्था तेव्हाही सुखेनैव नांदत असणार. मूर्ती सापडली म्हणून सत्ता सापडली असं होत नाही.

आजच्या काळात तर पुरावा शोधायला जमीन खणायची गरज नाही. सौंदत्तीच्या यल्लम्माला कोल्हापूर-सांगलीकडून लाखो माणसं जातात. चौंडकं वाजतं, परडी भरते, भंडारा उधळला जातो. त्याच देवीच्या नावाने मुली सोडल्या गेल्या. कर्नाटकाने त्याविरुद्ध 1982मध्ये कायदा केला, महाराष्ट्राचा नवा कायदा 2005चा. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या गाभाऱ्यात बायकांनी पाऊल ठेवावं की नाही यावरून 2016मध्येही हमरीतुमरी झाली. देवी बाई, आणि तिच्या खोलीत बाईला मज्जाव. ‘स्त्रीशक्तीचा जागर’ असा फलक नवरात्रात चौकाचौकात लागतो, तेव्हा मला हे आठवतं. नऊ दिवसांच्या नऊ रंगांच्या साड्या मीही नेसते, ऑफिसात फोटोही काढते. त्यात वाईट काही नाही. फक्त त्याला जागर म्हणू नये.

उलट बाजूची उदाहरणंही आहेत, पण त्यांचा गाजावाजा नसतो. शिर्डीजवळच्या साकोरीला उपासनी महाराजांनी कन्याकुमारी स्थान उभं केलं. मुलींना वेदपठण शिकवलं, यज्ञाचं आचार्यपद त्यांच्याकडे दिलं. काळ स्वातंत्र्यापूर्वीचा. त्यावरून त्यांच्यावर टीकेचं मोहोळ उठलं. 1941मध्ये ते गेल्यावर गोदावरीमातांनी ते स्थान सांभाळलं. पुण्यात 1970च्या दशकात शंकरराव थत्त्यांनी बायकांना पौरोहित्य शिकवायला सुरुवात केली. आज मराठी घरात गुरुजींच्या जागी बाई आली तर शेजारी फारसे चमकत नाहीत. देवीविषयी कुणी काय मानतो यापेक्षा पळी-पंचपात्र कुणाच्या हातात आहे हे मला जास्त महत्त्वाचं वाटू लागलं, ते या उदाहरणांमुळे.

आता माझ्याबद्दल. परिवर्तन हा शब्द मोठा आहे. माझ्या बाबतीत जे झालं त्याला दर्शन, साक्षात्कार यांतलं काही नाव देता येणार नाही. वडील गेल्यानंतर आई माझ्याकडे राहायला आली. श्रावण लागला तसा मी जिवतीचा कागद दाराच्या आत चिकटवला. आईने तो नेहमीप्रमाणे पोस्टाने पाठवण्याऐवजी या वेळी बॅगेतून आणला होता. शुक्रवारी पूजा झाली, नातवाला ओवाळायची वेळ आली आणि आई मागे सरली. “तू कर. मी नको.” का नको, हे दोघींनाही ठाऊक होतं. मी कागदाकडे बघत होते. वर नरसिंह, कालियामर्दन करणारा कृष्ण, खाली बुध-बृहस्पती. आणि मधे पोरांच्या गोतावळ्यात बसलेल्या जरा-जिवंतिका. त्यातली जरा महाभारतातली. दोन राण्यांना अर्धं-अर्धं झालेलं, चव्हाट्यावर टाकलेलं मूल तिने जोडलं आणि तो जरासंध झाला. मांस खाणारी राक्षसी ती. आईनेच मला लहानपणी ही गोष्ट सांगितली होती.

“आई, इथे राक्षसी चालते आणि तू चालत नाहीस?”

ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “निरांजनात आधी तूप घाल. विझत आलंय.” आणि तबक माझ्या हातून घेतलं.

एवढंच झालं. यानंतर मी स्तोत्रं म्हणणं सोडलं नाही, उलट आता ती जरा हळू म्हणते. मागणं मात्र कमी झालं. आमच्या घरच्या हळदीकुंकवाला आता ज्यांना बोलावतात आणि ज्यांना बोलावत नाहीत अशा दोन्ही याद्यांमधल्या बायका येतात. झाडलोट करणाऱ्या बाई पहिल्या वर्षी दारातच थबकल्या. दुसऱ्या वर्षी त्यांनी सोफ्यावर बसून माझ्या सासूबाईंना कैरीच्या डाळीत काय कमी आहे ते सांगितलं. मोडकीतोडकी का होईना, मी कन्नड शिकले. मेट्रोने आर. व्ही. रोडला गाडी बदलून पुढचंच स्टेशन असलेल्या बनशंकरीला जाते. मंगळवार-शुक्रवारी राहुकाळात बायका तिथे लिंबाची साल उलटी करून तिच्यात दिवे लावतात. अशुभ वेळ पंचांगाने ठरवलेली, आणि तीच वेळ बायकांनी देवीसाठी निवडली. या एका विधीवर मी पाचव्या प्रकरणात जरा जास्तच रेंगाळले आहे. संपादकांनी कात्री लावायला सांगितली होती, मी ऐकलं नाही.

या पुस्तकात काय नाही तेही सांगून टाकते. चक्रं नाहीत, चंद्राच्या कलांप्रमाणे आखलेलं वेळापत्रक नाही, साडेतीन शक्तिपीठांची यात्रा कशी करावी याचं मार्गदर्शन नाही. देवीचा विद्वत्तापूर्ण इतिहास हवा असेल त्यांनी ढेरे वाचावेत, ओव्यांतून बोलणारी बाई हवी असेल त्यांनी तारा भवाळकर वाचाव्यात. मी दोघांचीही ऋणी आहे आणि दोघांच्याही पायरीशी बसण्याइतकाच माझा अधिकार आहे. पुस्तकातल्या बायकांची नावं मी मुद्दाम गाळली आहेत. त्यांतल्या बऱ्याचजणी अजून याच इमारतींमध्ये कामाला आहेत, काही झाडू घेऊन आणि काही लॅपटॉप घेऊन. आमची कार्यशाळा घेणाऱ्या बाईंवर मी या प्रस्तावनेत थोडा अन्याय केला आहे, याची जाणीव आहे. त्या दिवशी त्यांनी डोळे मिटायला सांगितले नसते तर मी ते उघडायची तसदी घेतली असती की नाही, कोण जाणे.

हुस्कूरची जत्रा साधारण मार्चच्या सुमाराला असते, क्वचित एप्रिलच्या तोंडावर जाते. यायचं असेल तर स्वतःची गाडी आणू नका, हुस्कूर रोडला उतरून रिक्षा करा. ऊन फार असतं, पाण्याची बाटली आणि डोक्याला काहीतरी ठेवा. आणि कुर्जू कितीही सुंदर दिसला, फोटोचा कितीही मोह झाला, तरी त्याच्या उंचीपेक्षा जास्त अंतर राखून उभ्या राहा.

इलेक्ट्रॉनिक सिटी, बेंगळुरू
चैत्र पौर्णिमा